साहेबांचं दार आणि माझं जर्मन

जर्मन भाषा शिकण्याचे जेवढे म्हणून व्यवहार्य उपाय आहेत तेवढे सगळे मी करून बसलो आहे, तेव्हा या विषयावर मला अधिकाराने बोलता येतं. भाषेवर नव्हे, उपायांवर. भाषेवर अधिकाराने बोलायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

गरज अशी पडली की आमची ही नर्स आहे. सात महिन्यांपूर्वी तिला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती गेली. मी मागाहून जायचं असं ठरलं. मागाहून म्हणजे किती मागाहून, हे ठरवणारे आम्ही कोण? ते वकिलात ठरवते. वकिलातीच्या खिडकीतल्या गृहस्थाने माझी फाइल चाळली आणि म्हणाला, "बायकोकडे जायचंय ना? मग जर्मनची पहिल्या पातळीची परीक्षा पास झाल्याचा दाखला लागेल."

"अहो, पण आम्ही दोघं मराठीत बोलतो," मी म्हणालो.

"ती तुमची बायको असल्याचा पुरावा मिळाला. आता भाषेचा आणा." त्याने एका कागदावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली. त्या दिवशी दाखला हातात असला तर ठीक, नसला तर पुढची तारीख एका वर्षानंतरची. म्हणजे तीन महिने, एक परीक्षा, आणि त्यात घोटाळा झाला तर आणखी एक वर्ष ही तिकडे एकटी आणि मी इकडे सासूबाईंबरोबर.

सासूबाई आमच्याकडेच असतात. मी गेल्यावर त्या आपल्या मुलाकडे जाणार होत्या आणि त्यांनी सामान बांधून ठेवलंही होतं. रोज सकाळी त्या बांधलेल्या ट्रंकेवरून फडकं फिरवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. पण ट्रंक पुसण्याच्याही तऱ्हा असतात.

पहिला उपाय म्हणजे क्लास लावणे. मी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्यांना वाटलं मीच मास्तर. तो मान मला अर्धं मिनिट मिळाला. मग खरी बाई आली. वय चोवीस-पंचवीस. तिने मला "काका, तुम्ही इथे बसा" म्हणून पहिल्या बाकावर बसवलं आणि एक फॉर्म दिला. फॉर्मच्या शेवटी रकाना होता, पालकाची सही.

"बाई, मी एकोणपन्नास वर्षांचा आहे."

"हो काका, पण रकाना रिकामा राहिला की फॉर्म वरून परत येतो."

आता दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण मी सव्वीस वर्षं एका कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. रकाना रिकामा ठेवू नये, हे मीच सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. आपलंच तत्त्व आपल्याला चावायला आलं की माणूस ओरडू शकत नाही. मी फॉर्म घरी आणला. सासूबाईंनी चष्मा लावला, चारही पानं वाचली, बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा वाचल्या आणि सही ठोकली. 'विद्यार्थ्याशी नातं' या ठिकाणी स्वच्छ अक्षरात लिहिलं, सासू.

तिथून माझ्या अब्रूची घसरण सुरू झाली. क्लासच्या बाई दर आठवड्याला पालकांना फोन करतात. मी ऑफिसातून दमून यायचो आणि बूट काढेपर्यंत सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, बाईंचा फोन होता. गृहपाठ झाला नव्हता म्हणे तुमचा."

"आई, ऑफिसात छाननी चालू आहे."

"ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळेच काहीतरी कारण सांगतात."

आमच्या समोरच्या दारात एक होमिओपॅथीचे डॉक्टर राहतात. माझी व्यथा कळल्यावर ते स्वतःहून आले. (फुकटचा सल्ला द्यायला डॉक्टर जितक्या तातडीने येतात तितके ताप आल्यावर येत नाहीत, पण ते असो.) ते म्हणाले, "तुमचं चुकतंय कुठे सांगू का? तुम्ही मोठा डोस घेताय. भाषा उलटते. पाच शब्द सकाळी, पाच शब्द संध्याकाळी. आणि शब्द घेतल्यावर अर्धा तास मराठी बोलायचं नाही. असर जातो."

मी तेही केलं. सकाळी पाच शब्द घोकले की अर्धा तास मराठी बंद. जर्मन येत नव्हतं, म्हणजे ते आपोआपच बंद. संध्याकाळी तसंच. तीन दिवसांनी सासूबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "डॉक्टरांचा गुण आला हो. घरात कशी शांतता आहे."

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं म्हणणं याच्या अगदी उलट. "गप्प बसून कधी बोलायला येईल का? मी कापड बेतताना बडबडत असते बघा. इथे कापलं, इथे दुमडलं, इथे टाका घातला. हात करतो ते तोंडाने बोलायचं. तुम्ही दिवसभर जे कराल ते जर्मनमध्ये बोला, मोठ्यांदा." सल्ला खरोखर चांगला होता. क्लासच्या बाईंनीही तेच सांगितलं होतं, पण शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या असल्यामुळे तो जास्त मनावर ठसला. मी रस्त्याने बोलत चालू लागलो. मी चालतो. मी उजवीकडे वळतो. मी थांबतो. एक कुत्रा येतो. कुत्रा मोठा आहे. मी धावतो. कुत्रा धावतो. त्या दिवशी माझं एकही क्रियापद चुकलं नाही, हे मला मुद्दाम नमूद करायचंय. मात्र कोपऱ्यावरच्या वाण्याने तेव्हापासून मला सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवायला सुरुवात केली.

मग कुणीतरी सांगितलं की मोबाइलची भाषा जर्मन करून टाका, दिवसातून दोनशे वेळा आपोआप वाचलं जातं. केली. परत मराठी कशी करायची हे आता जर्मनमध्ये लिहिलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन आला आणि पडद्यावर दोन शब्द उमटले. एक 'घ्या' आणि एक 'नाकारा'. दोन्ही 'अ'ने सुरू होणारे. मी साहेबांना सलग सात वेळा नाकारलं. आठव्या वेळी ते स्वतःच केबिनमधून उठून माझ्या टेबलापाशी आले आणि फोन कानाला लावूनच म्हणाले, "मी बोलतोय."

साहेब माणूस वाईट नाही. फक्त त्यांना शिस्त लागते आणि उजेड लागतो. केबिनचं दार बंद करून, खिडकी उघडून, दिवा लावून बसले की ते खूश असतात. हे लक्षात असू द्या, कारण पुढे या तिन्ही गोष्टी गेल्या.

त्याचं कारण माझा सर्वांत यशस्वी उपाय. जर्मनमध्ये वस्तूंना तो, ती आणि ते असतं. मला वाटलं, एवढंच ना? हे तर आपल्याकडेही आहे. आईच्या दुधाबरोबर प्यालेलो आहोत. पण हे लोक वस्तूंना कुठल्या हिशोबाने वाटतात देव जाणे. जेवणाच्या टेबलावर चमचा तो, काटा ती आणि सुरी ते! एका ताटाभोवती तीन लिंगं बसलेली. पाठ करायचं कसं? क्लासच्या बाई म्हणाल्या, "काका, रंग वापरा. 'तो'ला निळी चिठ्ठी, 'ती'ला लाल, 'ते'ला हिरवी. वस्तूवर नाव लिहून चिकटवा. येता-जाता डोळ्यांना सवय होईल."

आणि खरंच झाली. चिठ्ठ्या चिकटवणं हे माझं आयुष्यभराचं काम. आठ दिवसांत मी घर असं सजवलं की डॉक्टर वाकून वाकून बघायला लागले. पलंग हिरवा, कपाट निळं, दिवा लाल. सासूबाईंच्या आरामखुर्चीवर मी 'श्विगरमुटर' अशी लाल चिठ्ठी लावली. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला, सासू. त्या म्हणाल्या, "शब्द लांबलचक आहे, पण भारदस्त वाटतो. राहू दे." दुसऱ्या आठवड्यात त्याच मला शिकवायला लागल्या. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "जावईबापू, बशीला निळी कशी लावलीत? ती लाल." मी पुस्तक उघडून बघायचो. लालच असायची. ज्या बाईने आयुष्यात कधी परदेश पाहिला नाही तिचं लिंग एकदा चुकेना आणि माझं एक बरोबर येईना.

घर संपलं. परीक्षा सहा दिवसांवर आली. ऑफिसातले शब्द राहिले होते. शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मागे थांबलो आणि माझ्या खणातल्याच चिठ्ठ्यांची रिळं काढली. तिन्ही रंग तयार होते. मनात एकच विचार होता की सोमवारपासून काम करता करता अभ्यास होईल. साहेबांच्या केबिनचं दार: लाल. भिंतीवरचं घड्याळ: लाल. टेबलावरचा दिवा: लाल. बाक: लाल, त्याला जर्मन लोक 'बांक' म्हणतात हे कळल्यावर मला माहेरचा माणूस भेटल्यासारखं झालं. खुंटीवरची साहेबांची बॅग: लाल. खिडकी हिरवी, टेलिफोन हिरवा. खुर्ची निळी, कचऱ्याची टोपली निळी. वीस मिनिटांत काम आटोपलं आणि मी शीळ घालत घरी गेलो. शीळ घालतो, हेसुद्धा जर्मनमध्ये म्हटलं.

ऑफिसात तिन्ही रंगांच्या चिठ्ठ्या तयार का होत्या, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. आमच्याकडे वर्षातून एकदा जुन्या सामानाची छाननी होते. त्याचं परिपत्रक निघतं. यंदाचं परिपत्रक असं होतं: 'लाल चिठ्ठी असलेल्या वस्तू निर्लेखित समजून शनिवारी भंगारात द्याव्यात. हिरवी चिठ्ठी असलेल्या वस्तू दुरुस्तीस पाठवाव्यात. निळी चिठ्ठी असलेल्या वस्तू कायम जतन कराव्यात. याबाबत कोणीही कोणतीही शंका उपस्थित करू नये.' खाली सही साहेबांची. मसुदा माझा. शेवटचं वाक्य तर खास माझं. त्याबद्दल साहेबांनी माझी पाठही थोपटली होती.

सोमवारी मी पोचलो तेव्हा शिपाईमामा दारात उभे होते. म्हणजे दार जिथे असायचं तिथे.

"भाऊसाहेब, तुमच्या हुकमाप्रमाणे सगळं केलं," ते अभिमानाने म्हणाले. "साहेबांच्या दारालाच काय तो वेळ लागला. बिजागऱ्या गंजल्या होत्या. पण काढलं."

आत साहेब बसले होते. समोरून वारा, मागून वारा, कारण खिडकी चौकटीसकट दुरुस्तीला गेली होती. दिवा नाही, घड्याळ नाही, फोन नाही. साहेबांच्या हातात एक चुरगळलेला कागद होता आणि तो टाकायला त्यांना टोपली मिळत नव्हती. टोपली शिपाईमामांनी कायम जतनाच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. आतल्या कचऱ्यासकट.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"दार, साहेब."

"कुठे आहे दार?"

"ते ... स्त्रीलिंगी निघालं, साहेब."

मग मला सगळं सांगावं लागलं. परीक्षा, चिठ्ठ्या, तो, ती, ते. साहेबांनी मान वळवून स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवरची निळी चिठ्ठी पाहिली. "आणि मी?"

"आपण पुल्लिंगी, साहेब. निळे. कायम जतन."

क्षणभर त्यांना बरं वाटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. पण वाऱ्याने टेबलावरचे सगळे कागद उडाले आणि ते भानावर आले. "गुरुवारची रजा मागितली आहे ना तुम्ही? परीक्षेसाठी? दार परत बसेल तेव्हा ती मंजूर होईल. तोपर्यंत नाही."

परीक्षा गुरुवारी, आणि आज सोमवार. दुरुस्तीवाल्याने खिडकी आणि फोन दुपारीच परत केले, कारण त्यात बिघडलेलं काही त्याला सापडलं नाही. टोपलीची सुटका मी स्वतः केली. राहिलं भंगार. मी धावत भंगारवाल्याकडे गेलो. शेठ आमच्याच बाकावर, आमच्याच घड्याळाखाली बसून आमच्याच दिव्याच्या उजेडात वही लिहीत होते. मागे साहेबांचं दार टेकून उभं होतं. इतकं लख्ख पुसलेलं मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"शेठ, हे भंगार नाही. चुकून आलंय."

"सगळे तसंच म्हणतात," शेठ म्हणाले. "निर्लेखित झालेला माल परत द्यायचा तर साहेबांच्या सहीचं पत्र लागेल की हा माल भंगार नाही. नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल, कुणाच्या परवानगीने दिला."

मुद्दा बिनतोड होता. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि त्यातच माझी सगळी मानहानी आहे. परत आलो. निर्लेखित वस्तू परत घेण्याचा नमुना आमच्याकडे नव्हता, कारण तशी वेळ कधी आलीच नव्हती. मंगळवारची दुपार मी तो नमुना तयार करण्यात घालवली. सात रकाने पाडले. पत्र साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी ते हातभर लांब धरलं, मग नाकाजवळ आणलं, मग टेबलावर ठेवलं.

"वाचता येत नाही. जवळचा चष्मा बॅगेत आहे."

"बॅग भंगारात आहे, साहेब."

"मग आणा."

"पत्राशिवाय शेठ देत नाहीत, साहेब."

"आणि वाचल्याशिवाय मी सही करत नाही." परिपत्रकावर कशी केलीत, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. असल्या गाठी सव्वीस वर्षं मी लोकांना घालून दिल्या आहेत. आतून त्या कशा दिसतात ते त्या दिवशी कळलं. क्लासला तर दोन दिवस जाताच आलं नव्हतं. गुरुवार हातचा जाणार, मग वर्षभर ही त्या परक्या गावात एकटी, असं डोळ्यांपुढे आलं आणि खरं सांगतो, मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

बुधवारी सकाळी सासूबाई ऑफिसात आल्या. दार नसल्यामुळे कुणी अडवलं नाही. थेट साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी यांची पालक," त्या म्हणाल्या.

साहेब उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही कळलं नसावं. मी हळूच म्हणालो, "श्विगरमुटर, साहेब."

"क्लासच्या बाईंचा फोन होता," सासूबाई माझ्याकडे न बघता साहेबांना सांगू लागल्या, "की परीक्षेच्या तोंडावर मुलगा दोन दिवस वर्गात नाही. मी म्हटलं, ऑफिसात काय चाललंय ते बघून यावं." मग त्यांचा आवाज जरासा बदलला. "साहेब, माझी लेक ड्यूटीवरून येते, कुलूप उघडते आणि आत कुणी नसतं. सात महिने झाले. आणि हे इकडे चमच्यांशी बोलत असतात. काटे, सुऱ्या, जे मिळेल त्याच्याशी. भाषा काही यांना येत नाही, ते मी रोज ऐकते. पण माणूस एक दिवस सोडत नाही हो. एक दिवससुद्धा नाही."

माझ्याबद्दल एवढं चांगलं त्यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यात 'येत नाही' होतं, तरी ऐकलं नव्हतं. साहेबांनी घसा खाकरला. "ते ठीक आहे. पण मला पत्र वाचता येत नाहीये."

सासूबाईंनी आपला चष्मा काढून पुढे केला. साहेबांनी तो लावला. कडांना फुलं होती, पण नंबर जमला. त्यांनी पत्र वाचलं, चौथ्या रकान्यातली एक चूक दाखवली, आणि सही केली. त्याच झोकात रजेच्या अर्जावरही केली. मग चष्मा परत देताना म्हणाले, "आमची मंडळी चार दिवस बहिणीकडे गेली तर मला घरात मोजेसुद्धा सापडत नाहीत. जा तुम्ही. दार लागेल तेव्हा लागेल."

दार त्याच संध्याकाळी लागलं. घाईत उलटं बसलं, त्यामुळे पूर्वी बाहेर उघडायचं ते आता आत उघडतं आणि शिपाईमामा अजून रोज एकदा त्यावर कपाळ आपटतात. पण साहेबांनी त्याची लाल चिठ्ठी काढू दिली नाही.

गुरुवार उजाडला. लेखी झाली. ऐकायचा पेपर झाला. त्यात एक माणूस फोनवर कुणाला तरी गाडी किती वाजता येते ते सांगत होता. मी तीन वेगवेगळ्या वेळा लिहिल्या आणि दोन खोडल्या. मग तोंडी. टेबलापलीकडे दोघं बसलेली, एक उंच गोरे गृहस्थ आणि एक बाई. माझा नंबर आला. नाव, वय, काम, राहायला कुठे, हे सगळं मी इतक्या वेळा घोकलं होतं की झोपेतून उठवलं तरी म्हणालो असतो. खुर्चीवर बसलो आणि सगळं पार पुसून गेलं. नाव आठवलं. वय चुकलं; एकोणपन्नासच्या जागी मी एकोणनव्वद सांगितलं. बाईंनी लिहिता लिहिता मान वर करून मला नीट बघितलं.

हे आता गेलं, असं मला वाटलं. ते गोरे गृहस्थ दयाळू असावेत. त्यांनी प्रश्नांची कार्डं बाजूला ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं की तुम्ही जर्मन कशासाठी शिकता?

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी ते स्वतः मसुदा करून क्लासच्या बाईंकडून तपासून घेतलं होतं. त्यात 'सांस्कृतिक देवाणघेवाण' होती, 'कौटुंबिक पुनर्मीलन' होतं, एक 'यास्तव' होता. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ! उरले होते फक्त पहिल्या आठवड्यातले शब्द, घरभर चिकटवलेले, पोरासोरांना येतात ते. मी त्यांतलेच उचलले.

"माइने फ्राउ इस्ट डॉर्ट," मी म्हणालो. माझी बायको तिथे आहे. "इश बिन हिअर." मी इथे आहे. पुढे काय म्हणावं ते कळेना. खूप काही म्हणायचं होतं, आणि शब्द चार होते. "डास इस्ट निश्ट गूट." हे चांगलं नाही.

मग त्या गृहस्थांनी मान हलवली, अगदी हळू, आणि माझं शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून तसंच्या तसं परत म्हटलं. हे चांगलं नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, आजवर मी जे काही बोललो त्यातलं हे पहिलं वाक्य समोरच्याला सबंध कळलं.

दहा दिवसांनी निकाल आला. पास. काठावर, अगदी पाय लटकवून बसलो आहोत इतका काठावर, पण पास. वकिलातीची तारीख चार दिवसांवर होती. सासूबाईंनी निकालाचा कागद माझ्या हातातून काढून घेतला, पालकाच्या नजरेने वरपासून खालपर्यंत वाचला, आणि लगेच लेकीला व्हिडिओ फोन लावला. ही नुकती ड्यूटीवरून आली होती. केस विस्कटलेले, गळ्यात ओळखपत्र तसंच.

"झाले गं पास!" सासूबाई ओरडल्या. "तोंडीने तारलं." आणि फोन माझ्या हातात देऊन त्या आत निघून गेल्या. आत त्यांचं काही काम नव्हतं. दोन भांडी उगाच वाजवत होत्या.

"अहो, तोंडीला तुम्ही?" ही हसत सुटली. "तुम्हाला तोंडीने तारलं? काय विचारलं त्यांनी?"

मी सांगितलं. काय उत्तर दिलं तेही सांगितलं, ती तीन वाक्यं, जशी म्हटली तशी. तिकडून काहीच आलं नाही. मला वाटलं फोन अडकला. "अगं, ऐकू येतंय ना?"

"येतंय." तिने ओळखपत्राच्या फितीनेच नाक पुसलं. "एकवीस वर्षं झाली लग्नाला. मराठीत कधी असं म्हणाला नाहीत."

मी जरा विचार केला. परीक्षा संपली होती, खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं.

"मराठीत मला टाळता येतं गं," मी म्हणालो. "जर्मन अजून तेवढं येत नाही."

"मग आता पुढची परीक्षा देऊ नका," ती म्हणाली.